पिवळा न पडलेला डबा

सरलाबाई देवपुजारींच्या नजरेतून कॉपीचा कागद सुटला, असं नागपुरात कोणी सांगितलं असतं तर ऐकणाऱ्याने सांगणाऱ्याचीच खुशाली विचारली असती. महालातल्या शाळेत तीस वर्षं त्या गणित शिकवत होत्या, पण त्यांची कीर्ती गणितासाठी नव्हती. दहावीच्या परीक्षेला त्यांची ज्या वर्गावर नेमणूक व्हायची, त्या वर्गातल्या पोरांची सकाळीच पाचावर धारण बसायची. मोज्यातले कागद, खोडरबरावर कोरलेली सनावळी, पट्टीच्या मागची सूत्रं, सगळं त्यांनी पकडलेलं होतं. त्यांचा नियम एकच होता. कॉपी करणारं पोरगं कागदाकडे बघत नाही, बाईंकडे बघतं.

गिरीश नावाच्या एका मुलाला त्यांनी असाच धरला होता. त्याला पुढच्या परीक्षांना बसू दिलं नाही. त्याची आई दुपारी घरी आली, उंबऱ्याबाहेरच बसली आणि म्हणाली, "बाई, एकदा पाहिलं नाही असं करा नं." सरलाबाई म्हणाल्या, "पण मी पाहिलं नं." तो मुलगा पुन्हा परीक्षेला बसलाच नाही. पुढे त्याने शाळेच्याच कोपऱ्यावर पानठेला टाकला आणि सरलाबाई रिटायर होईपर्यंत रोज सकाळी त्यांना "नमस्कार बाई" म्हणत राहिला. पोराच्या मनात काही नाही हो, असं सरलाबाई सगळ्यांना कौतुकाने सांगत.

तर अशी ही बाई सन दोन हजार दोनच्या जानेवारीत, संक्रांतीचा तिळगूळ घेऊन, कॅलिफोर्नियात सनीव्हेलला मुलाकडे, विनयकडे, येऊन थडकली. थडकली म्हणायचं कारण, तिला यायचं होतं एप्रिलमध्ये. नात झाली की आधी मुलीची आई सहा महिने येते, ती गेली की मुलाची आई सहा महिने येते, अशी तिकडच्या घरांतून पाळी लागलेली असते. सून शुभाची आई मालिनीबाई ऑक्टोबरातच पुण्याहून आल्या होत्या. त्यांची पाळी संपायला वेळ होता. पण विहीणबाईंनी नातीला कसलं पाणी पाजलं, कसलं तेल लावलं, हे फोनवर ऐकून ऐकून सरलाबाईंचा धीर सुटला आणि त्यांनी तिकीट अलीकडे आणलं. झालं! दोन बेडरूमचं अपार्टमेंट, आणि त्यात दोन सासवा. एक विनयची, एक शुभाची. शुभाने "आई" अशी हाक मारली की दोघी वळायच्या. शेवटी तिने "अहो आई" आणि "अगं आई" अशी वाटणी करून घेतली.

पहिली लढाई डब्यावरून झाली. सरलाबाईंनी नागपूरहून विनयसाठी कड्यांचा स्टीलचा डबा आणला होता, त्यावर त्याचं नाव घालून. विनय हसला. "आई, हा मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही गं. ऑफिसमध्ये सगळे प्लास्टिकचाच नेतात." डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. मग प्लास्टिकच्या डब्यात काय भरायचं, यावरून दुसरी लढाई. मालिनीबाई आमटीत गूळ घालायच्या. सरलाबाईंना ते वरणाचं श्रीखंड वाटायचं. सरलाबाई भाजीत तिखट घालायच्या, तेव्हा मालिनीबाई नातीचा पाळणा दुसऱ्या खोलीत न्यायच्या आणि घरातला स्मोक अलार्म बोंबलायचा. शुभाने हात टेकले आणि दोघींना डब्यासाठी एकाआड एक दिवस वाटून दिला. तेव्हापासून संध्याकाळी डबा घरी आला की दोघी त्यावर झडप घालायच्या. आज कोणाचं उरलं आणि किती, हे बघायला.

फेब्रुवारीत विनय वाळू लागला. गालफडं बसली, पँट कमरेवरून घसरायला लागली. "तुमच्या गुळाने पित्त झालं त्याला," सरलाबाई म्हणाल्या. "तुमच्या मिरच्यांनी आतडं जळलं असेल," मालिनीबाई म्हणाल्या. दोघींनी एकमेकींवर पाळत ठेवली. सरलाबाईंनी गुळाच्या डब्यात खूण करून ठेवली, मालिनीबाईंनी तिखटाची बाटली मोजली. शुभा मधे पडायची नाही. ती हल्ली कशातच पडत नव्हती, नातीला घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपून असायची. बाळंतिणीला थकवा असतोच, यावर मात्र दोघींचं एकमत होतं.

आणि एका संध्याकाळी डबा घासताना सरलाबाईंचा हात थांबला.

जुना डबा तडकला म्हणून महिन्याच्या सुरुवातीला शुभाने नवा आणला होता. त्यात तीन आठवडे रोज वरण-भात, हळदीची भाजी जात होती. प्लास्टिक गरम झालं की हळद धरतं. जुना डबा आठवड्यातच पिवळाजर्द झाला होता. हा तसाच पांढरा. शिवाय कडेला तुपाचं पांढरं कडं थिजलेलं. वरण गरम करून खाल्लं असतं तर तूप थिजलेलं कसं राहिलं असतं? म्हणजे पोरगा तीन आठवडे गारढोण भात गिळतोय. त्यांनी जेवताना सहज विचारलं, "विनू, ऑफिसात डबा गरम करतोस नं?"

"हो गं आई. मायक्रोवेव्ह आहे की," विनय म्हणाला. आणि हे म्हणताना त्याने ताटाकडे नाही, आईकडे पाहिलं.

पोरांची नजर ओळखायच्या आपल्या वाईट खोडीचा सरलाबाईंना त्या क्षणी राग आला.

दुसऱ्या दिवशी मालिनीबाई आपणहून स्वयंपाकघरात आल्या. त्यांच्या मुठीत विळ्यासारखं वाकडं, सुकलेलं पान होतं. "वास घ्या," त्या म्हणाल्या. डोकं दुखल्यावर लावायच्या मलमाचा वास होता. "निलगिरी. जावईबापूंच्या पँटच्या दुमडीत रोज सापडतंय. ऑफिस दाखवायला त्यांनी आपल्याला नेलं होतं ना? तिथे नुसती हिरवळ आणि ताडाची झाडं. मग हा माणूस रोज कुठल्या झाडाखाली जातो?" त्यांचा आवाज खाली गेला. "विहीणबाई, मला तर वाटतं कुणीतरी बाई आहे."

"माझा विनू तसा नाही."

"सगळ्या आया हेच म्हणतात."

एरवी यावर दोन दिवसांचा अबोला झाला असता. पण सरलाबाईंनी तो पांढरा डबा काढून विहिणीसमोर ठेवला. गेल्या सहा आठवड्यांत त्या दोघी पहिल्यांदाच एका बाजूला बसल्या. निलगिरी कुठे आहेत, हे मालिनीबाईंना ठाऊक होतं. ऑक्टोबरपासून नातीला फिरवून त्यांना सगळे रस्ते पाठ झाले होते. पब्लिक लायब्ररीच्या मागच्या पार्किंगमध्ये मोठी रांगच होती.

त्या दुपारी शुभाला "जरा पाय मोकळे करून येतो" असं सांगून दोघी निघाल्या. पुढे स्ट्रोलरमध्ये नात नेत्रा, मागे दोन म्हाताऱ्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि साडीवर विनयची जुनी जाकिटं. रस्त्यात मालिनीबाईंनी दोनदा बजावलं, बाई दिसलीच तर तुम्ही बोलायचं नाही, मी बोलणार, मुलगी माझी आहे. सरलाबाई म्हणाल्या, मुलगा माझा आहे, तेव्हा आधी मी.

विनयची निळी गाडी झाडाखाली उभी होती. दोघी कुंपणाच्या झुडपाआड थांबल्या.

गाडीत बाई नव्हती. विनय एकटा होता. मांडीवर पेपर, पेपरवर डबा. आज सरलाबाईंची पाळी होती. तो चमच्याने भाताचा गठ्ठा फोडत होता आणि न चावल्यासारखा गिळत होता. जेवून झाल्यावर त्याने दार उघडलं, बाटलीतलं पाणी बोटांवर ओतलं, टिश्यूने चमचा पुसला. मग आरशात बघून केस सारखे केले. आणि समोरच्या काचेकडे बघून तो हसला. हात पुढे केला, नसलेल्या माणसाचा हात हातात घेतल्यासारखा हलवला, काहीतरी इंग्रजीत बोलला. त्याला ते पटलं नसावं. त्याने पुन्हा पहिल्यापासून केलं. हसणं, हात, बोलणं. असं चार वेळा.

मालिनीबाईंच्या मनात आलं, बाई असती तर बरं झालं असतं. बाईला घालवता तरी आलं असतं.

काय झालं ते कोणी सांगायची गरज नव्हती. सोसायटीच्या बागेत रोज संध्याकाळी भेटणाऱ्या अहिल्याबाई दुसरं बोलतच नव्हत्या. आमच्या बिल्डिंगमधले तिघे परत गेले, कंपन्या माणसं काढतायत, नोकरी गेली की व्हिसा गेला, बायकोचा त्याच्याच शेपटाला बांधलेला, तोही गेला. त्या घरात हक्काने राहू शकणारी एकटी नेत्राच होती, इथे जन्मली म्हणून, आणि तिला अजून धड बसताही येत नव्हतं.

सरलाबाई पुढे जायला निघाल्या. मालिनीबाईंनी त्यांचा दंड धरला.

"नको. आपण पाहिलं हे कळलं तर तो कोसळेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, विहीणबाई. चला, नेत्रा रडेल."

"पण मी पाहिलं नं," सरलाबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांनी त्यांना उंबऱ्याबाहेर बसलेली ती बाई दिसली. तिच्या पायात चप्पल नव्हती, हे त्यांना आत्ता आठवलं. आणि तो पोरगा वर्षानुवर्षं रोज नमस्कार का करत होता, त्यात काय होतं, हेही त्यांना आत्ताच, परक्या देशातल्या पार्किंगमध्ये कळलं. तो आदर नव्हता, रोज करून दिलेली आठवण होती. त्यांनी स्ट्रोलर घराकडे वळवला.

संध्याकाळी विनय आला. "आज दिवसभर मीटिंग्ज यार, डोकं उठलं," म्हणाला. घरात इतकी शांतता होती की त्यालाच संशय आला. "काय झालं? तुमचं दोघींचं भांडण झालं का?"

"नाही रे बाबा," सरलाबाई म्हणाल्या. मालिनीबाईंनी आपल्याच आमटीत सरलाबाईंना वरून तिखट घालू दिलं. विनयने दोन्ही आयांकडे आळीपाळीने पाहिलं आणि खाली मान घालून जेवला.

सकाळी सरलाबाई लवकर उठल्या. दुधात कणीक भिजवली. मालिनीबाई उठून आल्या, तेव्हा तव्यावर दशमी होती.

"आज माझी पाळी," मालिनीबाई सवयीने म्हणाल्या. मग त्यांनी तव्याकडे पाहिलं. "दशम्या?"

"गार चांगल्या लागतात."

मालिनीबाई शेंगदाणे भाजायला लागल्या. चटणी झाली. त्यात गूळ किती आणि तिखट किती, हे कोणी विचारलं नाही. सरलाबाईंनी खुर्ची ओढली, वरच्या फळीवरून नागपूरचा स्टीलचा डबा काढला, पुसला आणि त्यात दशम्या भरल्या. आपण काय करतोय हे त्यांना नीट कळत होतं. बोलून दाखवायची हिंमत त्यांच्यात नव्हती, आणि तो गारढोण भात पुन्हा भरायचीही नव्हती.

तेवढ्यात मागून शुभाचा आवाज आला. ती नातीला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. डोळे सुजलेले.

"अहो आई, अगं आई," ती दोघींना म्हणाली, "त्यात टिश्यू जरा जास्त ठेवा. तिथे हात धुवायला काही नाही."

म्हणजे ती भिंतीकडे तोंड करून झोपायची, ते थकव्याने नव्हतं. मालिनीबाईंनी तोंडाला पदर लावला. एवढा तपास केला, एवढी पानं हुंगली, आणि त्यांच्या स्वतःच्या मुलीने तीन आठवडे एकटीने हे पोटात ठेवलं होतं. शुभा म्हणाली, "त्याला सांगू नका. व्हिसाच्या कागदांची मुदत संपत आलीय. तो म्हणतो अजून दोन ठिकाणी बोलणं चालू आहे." ती थांबली. "नाहीये चालू. मी त्याचे ईमेल बघते."

बाथरूमचं दार वाजलं. विनय बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राची पट्टी, ओळखपत्र नसलेली, पण तिचं टोक खिशात खोचलेलं, ते आत असल्यासारखं. त्याने ओट्यावरचा डबा पाहिला. कड्यांचा, चकचकीत, झाकणावर त्याचं नाव.

आता तो म्हणेल, सरलाबाईंना वाटलं. आई, हा मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही गं. त्या ते ऐकायला कान लावून उभ्या राहिल्या. त्याने तेवढं म्हणावं, हसावं, डबा परत फळीवर ठेवावा, आणि काल पाहिलेलं सगळं खोटं ठरावं, म्हणून त्यांनी देवाला हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले होते.

विनयने डबा उचलला. जड होता, म्हणून दुसऱ्या हाताने सावरला.

"निघतो," तो म्हणाला. "ऑफिसला उशीर होतोय."

आणि त्याने घड्याळाकडे नाही, आईकडे पाहिलं.

सरलाबाईंनी त्याच्याकडे पाठ केली आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या, दार लागेपर्यंत. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हे एकदाही केलं नव्हतं.