देव्हाऱ्यातली गोळी

मला माझ्या धाकट्या बहिणीचा हेवा वाटतो. आडवळणानं सांगितलं तर ते कौतुक वाटेल, म्हणून सरळच सांगते. ती हिवरखेडलाच दिलेली, आईच्या घरापासून चार घरं पलीकडे. मी अकोल्याला, जठारपेठेत राहते आणि शाळेत विज्ञान शिकवते. आईचा रक्तदाब वाढला तेव्हा तिला डॉक्टरकडे मी नेलं, गोळ्या मी आणल्या, दाब मोजायचं मशीनही मीच घेऊन दिलं. धाकटीनं काय केलं? देवीच्या देवळातला अंगारा आणून आईच्या कपाळाला लावला. दाब उतरला आणि आई गल्लीभर सांगत सुटली, "धाकटीच्या अंगाऱ्यानं मले आराम पडला." आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

एकदा आईच्या ओसरीवर सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, निवडता निवडता मी हा विषय काढलाच. धाकटी शांतपणे म्हणाली, "ताई, त्या गोळीत काय हाय, तू पाह्यलं काय? डॉक्टरनं सांगतलं, तू मानलं. मले पुजाऱ्यानं सांगतलं, मी मानलं. फरक काय झाला मंग?"

फरक मला माहीत होता. मी म्हटलं, "गोळीनं दाब उतरला नाही तर मी ती बदलीन. तू अंगारा बदलशील का?"

"काहून बदलू? देवी काय बदलते?" ती हसली आणि आईही हसली. दोघींचं हसू सारखंच आहे, गालावर एकाच बाजूला खळी पडणारं. माझं वडिलांवर गेलंय. मी हातातली जुडी खाली टाकून उठले. खरं म्हणजे तिच्या बोलण्यात तथ्य होतंच. गोळी कशी काम करते हे मी पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी कुठे पाहिलं होतं? पण हे तिच्यापुढे मी मेले तरी कबूल करणार नव्हते.

मग भाऊबंदातले एक म्हातारे काका वारले आणि आईच्या घराला सुतक लागलं. देव्हाऱ्यावर पडदा टाकला. पूजा बंद, अंगाराही बंद. चारेक दिवसांनी धाकटीचा फोन आला, आई वांग्याच्या वाफ्यात चक्कर येऊन खाली बसली होती. मी मिळेल त्या बसनं हिवरखेड गाठलं. मशीन लावलं, आकडा पार वर गेला होता.

"गोळ्या घेतल्या नाहीस?"

धाकटी म्हणाली, "गोळ्या देव्हाऱ्यात हायेत ना, ताई. सुतकात माय हात कसा लावन?"

तेव्हा मला कळलं. आई विसरू नये म्हणून धाकटीनंच गोळ्यांचं पाकीट देवापाशी ठेवायला सांगितलं होतं. रोज सकाळी पूजा झाली की गोळी आधी देवाला दाखवायची, मग तोंडात टाकायची. आईनं कधी एकही गोळी चुकवली नव्हती ती त्यामुळे. इतके दिवस मला वाटत होतं, मी नीट समजावलं म्हणून.

वर आई म्हणाली, "अंगारा बंद झाला म्हणून चढला दाब."

मी खवळले. पण शाळेत पोरांना मीच शिकवते की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तरच कारण कळतं. इथे गोळी आणि अंगारा दोन्ही एकदम सुटले होते, त्यामुळे माझ्याकडे पुरावा म्हणून दाखवायला काहीच नव्हतं. मात्र सुतक अजून बाकी होतं. आता नुसती गोळी सुरू केली, तर खरं कारण समजणार होतं. मी गावातल्या मेडिकलमधून नवं पाकीट आणलं.

आई तोंड उघडेना. "देवाले दाखवल्याबिगर कशी घेऊ?"

मी समजावलं, रागावले, शेवटी रडकुंडीला आले. हट्ट करून ती जिवावरचं दुखणं ओढवून घेत होती. दाराशी उभी असलेली धाकटी एवढंच म्हणाली, "घे वं माय. ताई म्हणते त घे."

आईनं लगेच घेतली. माझ्या सगळ्या विज्ञानापेक्षा धाकटीचं ते एक वाक्य भारी पडलं. जीव जळणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं.

मी रजा वाढवली आणि तिथेच राहिले. रोज मशीन लावत होते. देव्हाऱ्यावर पडदा तसाच होता, अंगाऱ्याचा कणही घरात नव्हता, आणि आकडा हळूहळू उतरत गेला. तेरवीच्या आदल्या दिवशी तो पुन्हा पूर्वीसारखा आला. दंडाला पट्टा तसाच ठेवून मी आईला म्हटलं, "पाहिलंस? नुसत्या गोळीनं."

"बरं झालं, बाई," आई म्हणाली. "धाकटी वावरात गेली असन, तिले फोन लाव आधी. तिचा जीव टांगणीले लागला असन."

मी फोन लावला. एकेक शब्द तोलून सांगितलं, की अंगारा नव्हता, गोळीच होती. मला तिची जिरवायची होती. ती वाद घालेल म्हणून उत्तरंही तयार ठेवली होती.

"गोळीनंच झालं ना? मले वाटलंच व्हतं," धाकटी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "ताई, तू व्हती म्हणून माय वाचली. मी आत्ताच जातो देवीले नारळ फोडाले."

पलीकडून मोठ्यानं आलेलं ते रडणं आईला ऐकू गेलं. तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि पट्ट्यातल्या हातानंच कानाला धरून म्हणाली, "उगी, माही वाघीण ना तू. उगी."

मला ती आजवर कधी असं म्हणाली नाही.