खलाशासाठी धोतर

महाराष्ट्र नवा होता तेव्हाची गोष्ट. चिखलीजवळच्या आमच्या गावातून मी कोकणातल्या एका लहान बंदरात कारकून म्हणून लागलो. एक दगडी धक्का, हाताने फिरवायची क्रेन, एक गोदाम आणि गलबतांसाठी गोड्या पाण्याची टाकी, एवढंच तिथे होतं.

वडील मला भेटायला आले, त्याच दिवशी मिठाचं एक गलबत धक्क्याला लागलं. त्यातला एक म्हातारा खलाशी वाटेतच तापाने वारला होता. माल ठेवायची सोय होती, मेलेल्या माणसाची नव्हती. आम्ही त्याला गोदामात पोत्यांशेजारी ठेवलं. त्याचं गाव फार लांब, म्हणून इथेच अग्नी द्यायचं ठरलं.

वडिलांनी विचारलं, "याच्या अंगावर टाकाले काही हाये का?"

गोदामात रिकाम्या पोत्यांशिवाय काही नव्हतं. तेव्हा त्यांनी पिशवीतून आपलं कोरं धोतर काढून दिलं. टाकीच्या पाण्याने आंघोळ घातली, आणि वडिलांनी त्या अनोळखी माणसाला खांदा दिला.

दुसऱ्या दिवशी एसटीत बसताना ते एवढंच म्हणाले, "दर हप्त्याले घरी चिठ्ठी लिहीत जाय."

ते होते तोवर मी लिहीत राहिलो.