टोपडं लहान पडलं तेव्हा

जुन्नरच्या बाजारपेठेत आमचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. पणजोबा राजस्थानातून आले. आता घरात मारवाडी फक्त आई रागावली की ऐकू येते. गिऱ्हाइकानं सहा महिन्यांचं टोपडं मागितलं की मी बाळाकडे एक नजर टाकायचो आणि नऊ महिन्यांचं पुढे करायचो. सहसा चुकायचो नाही. त्यामुळे लहान मुलांमधलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज झाला होता. कळत होतं ते फक्त टोपड्यांमधलं.

आम्हाला मुलगी झाली. चौथ्या महिन्यात तिला सहा महिन्यांचं टोपडं घट्ट व्हायला लागलं आणि सहाव्यात वर्षाचं बसलं. मी गल्ल्यावरून येईल त्याला सांगायचो, "डोकं मोठं, म्हणजे बुद्धी मोठी." मनातल्या मनात तिला कलेक्टर करून मोकळा झालो होतो.

बायको म्हणायची, "अहो, हाक मारली तरी ही वळत नाही. कडेवर घेतलं तर अंग सैल सोडते, बिलगत नाही."

"अगं, विचारात असते ती," मी म्हणायचो. मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती.

दहाव्या महिन्यात एकदा ती दुकानात माझ्याजवळ गादीवर बसली होती. तळेघरची एक बाई बारशाचे कपडे घ्यायला आली होती. तिनं मुलीसमोर बांगड्या वाजवल्या, टाळ्या वाजवल्या. मुलगी आपली पंख्याकडे बघत राहिली.

"शेठ, पोर कुणाकडंच बगत न्हाई व्हय?"

"लाजाळू आहे."

"लाजणारं पोर आदी बगतं, मंग त्वांड लपिवतं," ती म्हणाली.

मला इतका राग आला की मी तिला पिशवीसुद्धा दिली नाही. नवे कपडे बिचारीनं पदरात बांधून नेले.

घरी हे बायकोला तक्रार म्हणून सांगितलं. तिनं दुसऱ्याच दिवशी नारायणगावच्या बालरोगतज्ज्ञांची वेळ घेतली. त्यांनी डोक्याचा घेर मोजला, लसीच्या कार्डावरची आधीची मापं पाहिली.

"आमच्याकडे सगळ्यांचीच डोकी मोठी," मी म्हणालो.

त्यांनी शांतपणे तोच टेप माझ्या डोक्याभोवती गुंडाळला. माप अगदी साधारण निघालं. बायकोचंही तेच.

"नुसत्या मोठ्या डोक्यानं काही ठरत नाही," ते म्हणाले. "अशी कितीतरी मुलं ठणठणीत असतात. पण माप इतकं भरभर वाढलंय, अंग सैल आहे, नजर देत नाही, हाकेला वळत नाही. हे सगळं एकत्र दिसलं की वाट बघायची नाही. आधी ऐकू येतं का ते तपासू, मग पुण्याला दाखवा."

कान उत्तम निघाले. पुण्याचं मात्र मी "दिवाळीचा सीझन होऊ दे" म्हणून ढकललं. बायकोनं ऐकलं नाही. मुलीला घेऊन एसटीनं एकटी गेली आणि थेरपी सुरू करूनच आली. मी त्या दिवशी परकर-पोलक्यांचा सेल लावत होतो. हे लिहितानाही लाज वाटते.

दोन वर्षांनंतर निदान पक्कं झालं: स्वमग्नता, ऑटिझम. त्या वेळी पुण्याला मीही सोबत गेलो होतो. "किती दिवसांत बरी होईल?" असं विचारलं. हा काही ताप नाही, असं तिथल्या मॅडमनी समजावलं. परतताना खेडचा घाट लागला. मग बायको म्हणाली, "तुम्हाला पुढच्या वेळी रजा मिळेल ना?" दुकान माझंच आहे.

तेव्हापासून दर बुधवारी, थेरपीच्या दिवशी, दुकान बंद असतं.

मुलगी आता पाच वर्षांची आहे. तहान लागली की माझं बोट धरून माठाकडे नेते. गेल्या महिन्यात नेलं आणि स्पष्ट म्हणाली, "पाणी." पुन्हा ऐकायला मिळेल म्हणून मी तिच्यापुढे एकामागून एक चार पेले धरले. पहिला ती प्यायली, बाकीचे तिनं सदऱ्यावर सांडले. माझ्या.