एका नवऱ्याच्या एकतीस बायका

ते प्रकरण आठवलं की मला आजही हसू आवरत नाही. नव्वदच्या दशकात मी बारामतीला फौजदार होतो. इंदापूर रस्त्यावरच्या एका गावात बायकांची दूधसंस्था निघाली होती. तिची पहिली निवडणूक तोंडावर आली आणि ठाण्यात निनावी अर्ज येऊन पडला : 'सभासद यादी बोगस. एकाच इसमाच्या एकतीस बायका दाखवल्या आहेत.'

यादी मागवली. खरंच की! नावं एकतीस, नवरा एकच. त्या इसमाला बोलावलं. बापजाद्यांची मेंढरं सोडून उसात रमलेला पन्नाशीचा साधा माणूस. गाव त्याला आबा म्हणायचं. बायको निवडणुकीला उभी, म्हणजे बोगस मतं यानंच घुसवली असणार. गुन्हा दाखल झाला की अटक ठरलेली.

"काय आबा, एकतीस?" मी दरडावलं.

"सायेब, एकीपुढंच माझं काय चालत न्हाय, एकतीस कुठनं आणू?" आबा रडकुंडीला आले. हवालदार तोंड फिरवून हसला. पण कागद आबांच्या विरोधात होता.

यादी बारामतीच्या एका कॉम्प्युटर क्लासात टाईप झाली होती. तिथल्या मुलीनं मूळ अर्ज काढले. पहिला आबांच्या बायकोचा, आबांनी स्वतः बसून भरलेला. पुढच्या तीस अर्जांवर नवऱ्याच्या नावाची जागा कोरी!

"साहेब, काही भरल्याशिवाय मशीन पुढं जाईना," ती घाबरत म्हणाली. "तिथं नुसती स्पेस मारायची असते, हे मला ठाऊक नव्हतं. वरचंच खाली उतरवणारं बटण दाबत गेले."

अर्ज भरून घेणारे मास्तर म्हणाले, "नवऱ्याचं नाव विचारलं की सगळ्या पदर तोंडाला लावायच्या. म्हटलं, नंतर भरू. राहूनच गेलं."

घोळ कळला, पण फाईलला जबाब लागतो, तोही प्रत्येकीच्या तोंडचा. गावात जाऊन संस्थेच्या ओट्यावर सगळ्यांना बसवलं. नावं विचारली. माना खाली. एकीनं हळूच विचारलं, "उखाण्यात चालंल का?"

मी वैतागलो. "जबाब नाहीत, तर आबांना आत्ता जीपमध्ये घालतो!"

तशी आबांची बायको उठली. नवऱ्याचं नाव तिनं बापाच्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत आवाजात घेतलं. मग बायकांकडं वळली. "ह्यो फकस्त माझा हाय. आता तुमी आपापले सांगा गं!"

हशा पिकला आणि तासाभरात तीस जबाब झाले.

कोरी जागा दिसली की काहीतरी लपवलंय, असंच मी तोवर धरून चाललो होतो. कुणी मान राखायलाही जागा कोरी सोडतं, हे त्या ओट्यावर कळलं. तेव्हापासून आधी विचारतो, मग संशय घेतो.

निघताना आबा जीपपाशी आले. डोळे ओले होते.

"सायेब, तीस वर्सं झाली लग्नाला," ते म्हणाले. "तिच्या तोंडनं माझं नाव आज ऐकलं."