डॉक्टरची खुर्ची

औषधांच्या त्या गोदामात सगळे त्याला डॉक्टर म्हणत. औषधांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. सर्व्हर बिघडला की आधी त्याच्या पाठीवर हात ठेवून तो तापलाय का ते पाहायचा, त्यावरून हे नाव चिकटलं. नावामागोमाग एक रीतही चिकटली: मशीन आजारी असेतो डॉक्टरनं उशाशी बसायचं, करण्यासारखं काही असो नसो. खुर्ची रिकामी दिसली की मॅनेजरसाहेबांचा जीव खालीवर व्हायचा.

या वेळी सर्व्हर बंद पडला नव्हता, नुसता रेंगाळत होता. एकेक बिल निघायला इतका वेळ लागे की बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून दमले. डॉक्टरनं केबली बदलल्या, प्रोग्राम लिहिणाऱ्यांशी फोनवर हुज्जत घातली. सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्सला विचारावं तर ते सांगे, डिस्क एकच आहे, ठणठणीत आहे, फक्त लिहायला वेळ घेतेय. त्या बिचाऱ्याला तरी काय माहीत? खऱ्या डिस्क सहा, आणि त्यांचा सगळा कारभार रेड कंट्रोलर नावाच्या कार्डाच्या हातात. शेवटी आज सकाळी डॉक्टरनं त्या कार्डालाच खोदून विचारलं, तेव्हा कळलं की त्याची बॅटरी मेली आहे.

बॅटरी असली की कार्ड आलेली नोंद आपल्याजवळ ठेवून 'झालं' म्हणून मोकळं होतं आणि डिस्कवर सवडीनं उतरवतं. वीज गेली तरी नोंद टिकते. बॅटरी नसेल तर प्रत्येक नोंद डिस्कवर उतरेपर्यंत ते थांबून राहतं. खरं तर असं काही झालं की कार्ड भोंगा वाजवतं. पण मागे एकदा त्या भोंग्यानं बिलिंगच्या बाईंचं डोकं उठलं, म्हणून डॉक्टरनंच तो कायमचा गप्प केला होता. आता स्वतःवर चिडायचंही त्याच्यात त्राण नव्हतं.

"बॅटरी नसली तरी कार्डाला पहिल्यासारखं लगेच 'झालं' म्हणू द्या, पळवा ना," साहेब म्हणाले.

"पळेल. पण मध्येच लाइट गेली तर निघालेली बिलं गायब होतील."

"मग नको. नवी बॅटरी संध्याकाळी येतेय. तोवर इथून हलू नका."

दुपारच्या बसनं ताई जाणार होती. आई गेल्यावर याला वाढवणारी मोठी बहीण, आता दूरच्या शहरात, लेकाकडे, कायमची. बसवर सोडायला येतो असं यानं कबूल केलं होतं. दाजी आजारी होते तेव्हाही भेटायला येतो म्हणाला होता, आणि तेव्हाही कुठलंसं मशीन आजारी होतं. दाजींची भेट राहिली ती राहिलीच.

त्यानं फोन केला. "ताई, जमणार नाही गं."

"बरं," ती म्हणाली. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर ताई स्वतःच दारात उभी. हातात बॅग, जिना चढून धाप लागलेली.

"कुठलं रे तुझं मशीन?"

त्यानं दाखवलं. तिनं मशीनच्या पाठीवर हात ठेवून पाहिला. "ताप नाही. तू बसल्यानं ते लवकर चालतं का?"

"नाही."

"चुकतंय काही?"

"नाही. सावकाश चाललंय, पण बरोबर चाललंय."

"मग ऊठ."

तो उठला. बॅग घेऊन बाहेर पडतो तोच साहेब आडवे आले.

"कुठे निघालात?"

"बहिणीला बसवर सोडायला. बॅटरी यायच्या आत परत येतो."

"आणि इथे?"

"इथे आत्ता माझं काही काम नाही, साहेब."

इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. साहेब रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

ताईचे गुडघे गेलेले. एक पायरी उतरायची, कठड्याला धरून थांबायचं, मग पुढची. खाली कुणीतरी पुन्हा हॉर्न वाजवत होतं.

"तुला उशीर होतोय का रे?"

"नाही गं. सावकाश उतर."

जिना एकाच मजल्याचा होता, याचं त्याला फार वाईट वाटलं.