नारळ माणसाकडं उभा राहिला

२०१३ साल. माझं वय तेव्हा अडुसष्ट. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. लिहिण्यात चुका असतील... सांभाळून घ्या.

भूत, करणी, अंगात येणं — हे मी कधीच मानलं नाही. आजही मानत नाही. लोक हसतात, म्हणतात पाणाड्या असून असं बोलतो! अरे, पाणी दाखवणं हे माझं काम होतं. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडं, आणि रान पालथं घालायचं. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो. वाळूजपासून गंगापूरपर्यंत लई बोअर माझ्या शब्दावर झाले. पाणी नसलं तर तोंडावर ‘नाय’ म्हणायचो. त्याचीच मला घमेंड होती.

त्या वर्षी दुष्काळ. त्यात शहर आमच्याकडं सरकत आलेलं, रानांचे प्लॉट पडलेले, प्लॉट तिथं बोअर, आणि पाणी खाली खाली गेलेलं. वाळूजच्या पुढं रोडला लागून एक गाव आहे, नाव सांगत नाही. तिथला संतोष फौजेत होता. आदल्या वर्षी काश्मिरात अतिरेक्यांनी दबा धरून त्यांच्या गाडीवर हल्ला केला. संतोष गेला, बरोबरचे तिघं गेले, बाकीचे जखमी झाले. गावानं स्मारक बांधलं. संतोषच्या आईनं, गयाबाईंनी, गेलेल्या प्रत्येकाच्या नावानं तिथं एक कडुलिंब लावला. ती रोपं वाळायला लागली होती. टँकर माणसांनाच पुरेना. म्हणून स्मृतिदिनाला सरपंचानं मला बोलावलं. गावाकडून बोअर एकच होणार होता. तो कोरडा गेला की झाडं गेली.

भाषणं झाली, चौघांची नावं वाचली, फोटोंना हार घातले. मग सगळे माझ्याभोवती. मी सगळं आवार फिरलो. नारळ आडवाच. पुन्हा फिरलो... आडवाच.

“काय मामा, नारळ झोपला का?” मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले. माझं डोकं तापलं.

कुंपणाच्या दाराशी आलो आणि नारळ ताठ उभा राहिला. पण तिथं एक तरणा माणूस खाली जमिनीवर पाय पसरून बसलेला. मी खेकसलो, “ऊठ रं! माणसं कामं करतात आन तू रस्त्यात पाय पसरून बसतो व्हय?”

“उठतो काका.”

उठायला त्याला वेळ लागला. कुंपणाचा खांब धरला, अंग वर ओढलं. एक पाय वाकतच नव्हता. मी वर आणखी बोललो — “बाजूला हो, लवकर!”

गयाबाई धावत आल्या. “अवं दादा, त्याला कशाला उठवलं? दत्ता हाय त्यो. अजिंठ्याकडचा. माझ्या संतोषच्या गाडीत होता. पाय तिथंच गेला त्याचा.” मग त्याच्याकडं वळल्या, “आन तू रं, आल्यावर सांगितलं का नाय? पुढं बसवलं असतं.”

“कार्यक्रम त्यांचा हाय काकू,” तो म्हणाला. “मी तर हाय की अजून.”

मी खाली बघितलं. हातातला नारळ आडवा झाला होता.

तो बसला होता ती जागा मी पायानं चाचपली, वर उभा राहिलो. काही नाही. दत्ता चार पावलं लांब, खांबाला टेकून उभा. सहज तिकडं वळलो तर नारळ उभा! मागं फिरलो की आडवा, त्याच्याकडं वळलो की उभा. नारळ मी हलवत नव्हतो... हे शपथेवर सांगतो.

“मामा, तुमचा नारळ पाणी दावतो का माणसं?” सरपंच म्हणाला.

दत्ता हसला. “मांडीत अजून लोखंडाचे तुकडे हायेत काका. ते वढत असतील.”

“नारळाला लोखंड काय कळतं?” मी तिरसटून म्हणालो.

“मग मला काय म्हाईत?”

त्या वेळी ‘मला कळंना’ म्हणायला काय जात होतं? पण एवढ्या लोकांत माझी जीभ उचलली नाही. तो बसला होता तिथंच मी खुंटी ठोकली. “पाणी इथंच हाय,” म्हणालो. गयाबाईंनी मला हात जोडले. तसे हात कोणी जोडू नयेत माझ्यासारख्याला.

नारळ का उभा राहिला, आजवर कळलं नाही. शिकलेल्यांना विचारलं, महाराजांना विचारलं. कोणी म्हणतं संतोषनंच आपला सोबती दाखवला, कोणी म्हणतं म्हाताऱ्याचा हात हलला. मला दोन्ही पटत नाही. त्या दिवसानंतर नारळ मी तळहातावर धरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं त्या गावी गेलो. दत्ता गयाबाईंच्या ओट्यावर बसून नकली पायाचे पट्टे आवळत होता. म्हटलं, “काल तुला उठवलं, चुकलं माझं. आन ती खुंटी खोटी हाय. गावाला सांगायचंय. येतोस संगं?” तो उठला. त्याच्या चालीनं चालत आम्ही स्मारकापाशी गेलो. बोअरची गाडी उभी होती, मशीन सुरू झालेलं, गयाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन थांबलेल्या. मी मशीनवाल्याला हात केला. आवाज थांबला. मग सगळ्यांदेखत, गयाबाईंकडं बघून सांगितलं — “इथं पाणी नाय, बाई. मी खोटं बोललो.”