वहिनीची झूम नसलेली लेन्स

वहिनी माझ्या दुकानात आली आणि काउंटरवरची सगळ्यात लहान लेन्स उचलून म्हणाली, "भाऊजी, ही कशी आहे?"

बावीस वर्षं मी कॅमेरे दुरुस्त करतोय. घरच्या माणसाशी खोटं कशाला बोलायचं? "स्वस्त आहे, हलकी आहे, फोटो लख्ख देते. पण झूम नाही. माणूस मोठा हवा तर आपण पुढे जायचं, लहान हवा तर मागे यायचं. अंग प्लॅस्टिकचं, फोकस करताना किरकिरते, आणि फार जवळचं तिला दिसत नाही."

"फ्लॅशशिवाय फोटो निघतो?"

"तेवढं मात्र हिच्यासारखं कुणाला जमत नाही."

"मग बांधा."

वहिनी इस्पितळात सिस्टर आहे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात. बाळ चौथ्या मजल्यावर काचेच्या पेटीत आणि ऑपरेशन झालेली आई दुसऱ्या मजल्यावर. चार-चार दिवस बाईनं आपलं मूल पाहिलेलं नसतं. त्या कक्षात मोबाइलला बंदी, फ्लॅशला तर त्याहून कडक. वहिनीनं चार महिने मोठ्या डॉक्टरांच्या कानाशी भुणभुण लावून एका कॅमेऱ्याची परवानगी मिळवली. डॉक्टरांची मला कीव येते. माझ्या भावाची तंबाखूही अशीच सुटली. त्यानं सोडली नाही, हिनं सोडवली.

पहिल्याच आठवड्यात गाठ पडली ती नऊशे ग्रॅमच्या मुलीशी. तिची आई रक्तस्रावानं खंगलेली, उठता येत नव्हतं, आणि तिनं मनाशी पक्कं धरलं होतं की मूल गेलंय आणि सगळे आपल्याला फसवताहेत. ती दूध काढून द्यायला तयार नव्हती. बाळाला तर त्या दुधाचीच गरज होती.

वहिनीनं फोटो काढला, मी प्रिंट दिली, आणि घाईत नीट पाहिलीही नाही. बाईनं फोटो पाहिला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "हे कुणाचंही बाळ असेल."

वहिनी तणतणत दुकानात आली. मी प्रिंट उजेडात धरली. नाकातली नळी अशी स्वच्छ, की तिच्यावरचे आकडे वाचता यावेत. आणि मागे चेहरा नुसता धुरकट.

"वहिनी, तुम्ही नळीचा फोटो काढलाय."

तिनं प्रिंट माझ्या हातातून ओढून घेतली. सोळा वर्षं पेटीपाशी गेलं की तिची नजर आधी नळीवर जाते, मग बाळावर. फोकसही तिनं तिथेच धरला होता. मी समजावलं, की या लेन्सचं आतलं भोक पूर्ण उघडलं की बोटभर जागाच स्पष्ट येते. ते लहान करावं तर उजेड पुरत नाही. "फोकस हातानं करा. डोळ्यावर. आणि श्वास रोखून."

"बाळाचा श्वास कोण रोखणार?" ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर ती घरी गेलीच नाही. पेटीच्या काचेत दिव्यांचं प्रतिबिंब पडत होतं, म्हणून डोक्यावरून हिरवी चादर घेतली. लेन्स काचेला टेकवली तर बाळ फार जवळ. मागे सरकावं तर पाठीला दुसरी पेटी. दोन पेट्यांच्या मधे ती एका गुडघ्यावर बसली. तिचा गुडघा कसा आहे ते मला माहीत आहे; जिना चढताना ती कठड्याला शिव्या देते. पाऊण तास ती तशीच होती. बाळानं डोळे उघडले ते दोनदा, आणि दुसऱ्या वेळी वहिनी तयार होती.

संध्याकाळी प्रिंट घेऊन मीच गेलो. दुसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डात पुरुषांना सोडत नाहीत, म्हणून दाराशी थांबलो. या वेळी मी फोटो तीनदा तपासला होता.

वहिनीनं आत नेऊन दिलेला फोटो बाईनं हातात घेतला. मग अंगठ्यानं हळूच नळी झाकली, जणू ती बाजूला करून बघत होती. अंगठ्याच्या वरून चिडलेले, काळेभोर डोळे थेट तिच्याकडे पाहत होते.

"सिस्टर, हिला एका वेळी किती दूध लागतं?"

"सध्या दोन चमचेसुद्धा नाही. थेंब-थेंबच."

"एवढंच?" बाई म्हणाली, आणि उठून बसण्यासाठी तिनं वहिनीचा हात धरला.